गडगा कोण बांधणार? चिंक्वे तेर्रे आणि एका संशोधन-प्रश्नाची गोष्ट

माझ्या पीएचडीच्या पहिल्या प्रपोजलचं शीर्षक होतं, 'चिंक्वे तेर्रेमधील पर्यटनाचा स्थानिक जीवनावर होणारा परिणाम'. मला ते फार आवडलं होतं. गाईडनी कागद हातात घेतला, पेन्सिलीने चार शब्दांभोवती गोल केले आणि कागद परत दिला. पर्यटन, स्थानिक, जीवन, परिणाम. म्हणजे जागेचं नाव सोडलं तर जवळजवळ सगळंच! "या चार शब्दांचा तुझ्या मनातला अर्थ लिहून आण, मग पुढे बोलू," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी खूप राग आला होता. एवढे पेपर वाचले, एवढी टिपणं काढली आणि हे शब्दांत अडकले, असं वाटलं. पण ते चार गोल सोडवता सोडवताच माझा खरा प्रश्न हाती लागला. नेट-सेट झालेले, सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण मला विचारतात, "विषय आहे गं, पण प्रश्न कसा काढायचा?" म्हणून आज ही सगळी प्रक्रिया जशी झाली तशी लिहिते. विषय माझा आहे, पण पद्धत कुठल्याही विषयाला चालेल.

आधी जागा समजून घेऊ

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर लिगुरिया नावाचा प्रांत आहे. तिथे ला स्पेत्सिया या बंदराच्या शेजारी समुद्राला अगदी चिकटून पाच छोटी गावं आहेत: मोंतेरोस्सो, व्हर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे. चिंक्वे म्हणजे पाच आणि तेर्रे म्हणजे भूमी, जुन्या वापरात वस्ती. तिन्ही नगरपालिका मिळून लोकसंख्या साधारण साडेतीन हजार. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढीच.

इथे डोंगर थेट समुद्रात उतरतो. सपाट जमीन जवळजवळ नाहीच. म्हणून गेल्या साधारण हजार वर्षांत लोकांनी डोंगर फोडला, निघालेल्या दगडांच्या भिंती रचल्या, भिंतीमागे माती भरली आणि त्या अरुंद टप्प्यांवर द्राक्षं लावली. भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, नुसता रचलेला. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको, आपण याला गडगा म्हणतो. मी राजापूर तालुक्यातली. आमच्या घराभोवतीचा गडगा आजोबा दरवर्षी पावसाआधी ठाकठीक करायचे. फरक एवढाच की आमचा गडगा हद्द दाखवतो आणि गुरं अडवतो, तर तिथला गडगा माती धरून ठेवतो. आमचा पडला तर शेजाऱ्याशी भांडण होतं, तिथला पडला तर शेत खाली जातं. सोयीसाठी मी पुढे त्यालाही गडगाच म्हणणार आहे.

या टप्प्यांवर मुख्यतः बोस्को, आल्बारोला आणि वेर्मेन्तिनो या तीन जातींची पांढरी द्राक्षं होतात. खाऱ्या वाऱ्यापासून वाचावीत म्हणून वेल बुटक्या मांडवावर चढवतात. काही ठिकाणी मांडव इतका खाली असतो की द्राक्षं तोडायला वाकून आत शिरावं लागतं. इथल्या वाईनला १९७३ मध्ये मूळस्थानाचा सरकारी दर्जा मिळाला. 'शाक्केत्रा' नावाची गोड वाईन ही इथली खासियत. त्यासाठी तोडलेली द्राक्षं सावलीत, वाऱ्यावर सुकवतात आणि नोव्हेंबर लागल्यावरच त्यांचा रस काढतात. पाणी उडून गेलेलं असल्यामुळे रस थोडाच निघतो, म्हणून ती बाटली महाग. या टप्प्यांवर ट्रॅक्टर चढत नाही. उतारावर एका रुळावरून दात्यांनी चढणारी छोटी मोनोरेल काही भागांत आहे, तिच्यावरून क्रेट खाली येतात. बाकी सगळं पाठीवर.

१९९७ मध्ये पोर्तोवेनेरे, चिंक्वे तेर्रे आणि शेजारची बेटं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. युनेस्कोने यादीत घेतला तो सांस्कृतिक भूप्रदेश, म्हणजे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेला उतार. नुसता समुद्र किंवा रंगीत घरं नव्हेत. फोटो काढणारा मात्र बहुतेक वेळा घरांचाच काढतो.

आता ते चार गोल घेऊ.

पहिला गोल: पर्यटन

वर्तमानपत्रांत चिंक्वे तेर्रेबद्दल नेहमी एक आकडा येतो: वर्षाला वीस-पंचवीस लाख पर्यटक. माझ्या प्रपोजलच्या पहिल्याच परिच्छेदात तो होता. गाईडनी विचारलं, "हे कुणी मोजले? आणि काय मोजलं?"

मी शोधत गेले तेव्हा कळलं की इटलीची अधिकृत पर्यटन-आकडेवारी मुळात निवासाची असते. हॉटेलात किंवा नोंदणी असलेल्या खोलीत कोणी उतरला की एक 'आगमन' धरतात आणि तो जितक्या रात्री राहिला तितके 'मुक्काम' धरतात. दोन माणसं तीन रात्री राहिली तर आगमनं दोन, मुक्काम सहा. आता विचार करा, जो सकाळी रेल्वेने ला स्पेत्सियाहून येतो आणि संध्याकाळी परत जातो, तो या आकड्यात कुठे बसतो? कुठेच नाही. ला स्पेत्सिया बंदराला क्रूझ जहाजं लागतात. त्यातून एका दिवसासाठी आलेला माणूसही यात नाही. म्हणजे गल्लीत चालायला जागा उरत नाही ती ज्यांच्यामुळे, ते लोक मुक्कामाच्या आकडेवारीत नाहीतच.

मग रेल्वेची तिकिटं मोजावीत? तिथे उलटी अडचण. एकच माणूस दिवसात तीन गावांत उतरला तर तो तीनदा मोजला जातो. पायवाटांसाठी उद्यानाचं कार्ड घ्यावं लागतं, पण न चालता फक्त बंदरावर बसून आईस्क्रीम खाणारा कार्ड घेत नाही. प्रत्येक मोजणी कुणाला तरी दोनदा धरते आणि कुणाला तरी सोडते.

सरासरी काढतानाही असंच फसायला होतं. समजा वर्षाला वीस लाख भेटी आहेत. ३६५ ने भागलं तर दिवसाला साधारण साडेपाच हजार. ऐकायला जास्त आहे, पण भयंकर नाही. आता समजा यातल्या ८० टक्के भेटी एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांत होतात. मग दिवसाला साडेसात हजारांच्या आसपास, म्हणजे रहिवाशांच्या दुप्पट. आणि हे सगळे मुख्यतः सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात, पाचांपैकी दोन-तीन गावांतच उतरले तर? आकडा तोच आहे, पण रस्त्यावरच्या माणसाचा अनुभव पार बदलला. (८० टक्के हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय, तो कुठे उद्धृत करू नका!)

यातून मी काय शिकले? 'पर्यटक' असं लिहिण्याआधी ठरवायचं: मी माणसं मोजतेय, भेटी मोजतेय, की रात्री मोजतेय? माझ्या प्रश्नाला यातलं कुठलं एकक लागतं? कचरा आणि पाण्याचा अभ्यास असेल तर कदाचित रात्री. पायवाटेची झीज असेल तर भेटी. एकक चुकलं की पुढचं सगळं स्टॅटिस्टिक्स कितीही भारी असलं तरी उपयोग नाही.

दुसरा गोल: स्थानिक

हा मला सगळ्यात सोपा वाटला होता. नगरपालिकेच्या रहिवासी-यादीत नाव आहे तो स्थानिक. संपलं.

मग फील्डवर्कला गेले. जी मुलगी सकाळी कॉफी द्यायची ती राहायची ला स्पेत्सियाला, कारण गावात भाड्याने घर मिळणं कठीण आणि मिळालं तर परवडत नाही. वर्षातले नऊ महिने ती रोज गावात असते, पण यादीत नाही. ज्या घराच्या खाली मी उभी राहायचे त्याचे मालक मोठ्या शहरात असतात, ऑगस्टमध्ये येतात, त्यांचे आजोबा इथले. ते स्थानिक की पाहुणे? आणि यादीत नाव असून हिवाळ्यात मुलाकडे शहरात राहणाऱ्या आजी?

साहित्यातलं एक ठळक उदाहरण देते. युजेनिओ मोन्ताले हा इटालियन कवी १८९६ मध्ये जेनोवात जन्मला, १९७५ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याच्या कुटुंबाचं मोंतेरोस्सोमध्ये घर होतं आणि त्याचे लहानपणीचे-तरुणपणीचे उन्हाळे तिथे गेले. १९२५ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या संग्रहात हा किनारा सगळीकडे आहे. आज मोंतेरोस्सो त्याला आपला मानतं. पण माझ्या पहिल्या व्याख्येप्रमाणे तो काय ठरला असता? उन्हाळी पाहुणा.

मुंबईकर चाकरमानी हा शब्द ज्यांच्या घरात आहे त्यांना ही अडचण लगेच कळेल. गणपतीला आलेला काका गावचा नाही असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

शेवटी मी 'स्थानिक' हा शब्द टाकूनच दिला. त्याऐवजी तीन वेगळे प्रश्न विचारायचं ठरवलं: हिवाळ्यात इथे कोण झोपतं? जमीन कुणाच्या नावावर आहे? आणि त्या जमिनीवर हाताने काम कोण करतं? जुन्या काळी या तिन्हींचं उत्तर एकच कुटुंब असायचं. आता बऱ्याचदा तीन वेगळी माणसं असतात. ही फारकत मला 'पर्यटनाच्या परिणामा'पेक्षा जास्त कुतूहलाची वाटायला लागली.

तिसरा गोल: परिणाम

आता सगळ्यात महत्त्वाचा गोल. इथे मी सरळ सरळ चुकले होते.

माझी परिकल्पना अशी होती: पर्यटनात सोपा पैसा आला, म्हणून लोकांनी द्राक्षशेती सोडली, म्हणून गडगे पडायला लागले. ऐकायला किती पटतं ना? एकेकाळी इथे द्राक्षबागा हजार हेक्टरांहून जास्त होत्या, आता शंभर हेक्टरांच्या आसपास उरल्यात. आणि पर्यटक वाढलेत. एक खाली, एक वर. झालं सिद्ध!

गाईडनी एकच वाक्य लिहिलं: "आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते एका रेषेवर मांड."

मांडलं. १८६० च्या दशकात ला स्पेत्सियाला नौदलाची मोठी गोदी उभी राहिली. १८७४ मध्ये जेनोवा ते ला स्पेत्सिया रेल्वे पूर्ण झाली आणि ही पाच गावं बोगद्यांनी जगाशी जोडली गेली. बाप्ये गोदीत पगारावर जायला लागले, बाग उरल्यासुरल्या वेळात. १९२० च्या दशकात फिलॉक्सेरा ही द्राक्षाच्या मुळांवरची कीड इथे आली आणि तिने बागा खाल्ल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने आणि शहरं यांनी तरुण ओढून नेले. आणि लाखांच्या पटीतलं परदेशी पर्यटन? ते मुख्यतः विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतलं, आणि १९९७ नंतर तर फारच.

म्हणजे बागांची मोठी घट आधीची, पर्यटकांची गर्दी नंतरची. नंतर आलेली गोष्ट आधीच्या गोष्टीचं कारण होऊ शकत नाही. एवढं साधं! सहा महिने मी ज्या वाक्यावर प्रपोजल उभं केलं होतं ते एका टाइमलाइनने पाडलं.

पण थांबा, म्हणजे पर्यटनाचा संबंधच नाही असं नाही. इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. शेती *कमी का झाली* हा एक. आणि कमी झालेली शेती *परत का येत नाही* हा दुसरा. पहिल्याचं उत्तर गोदी, रेल्वे, कीड, कारखाने. दुसऱ्यात मात्र पर्यटनाचा हात असू शकतो: घरांचे वाढलेले भाव, खोली भाड्याने देण्यातली कमाई, मजुराला राहायला जागा नसणं. त्याशिवाय जमिनीचे तुकडे. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन एकेक टप्पा अनेक वारसांच्या नावावर, त्यातले कितीतरी परगावी. (सातबारा आठवला ना?) एखाद्या तरुणाला बाग करायची इच्छा असली तरी सही कुणाकुणाची आणायची?

बहुतेक सिनॉप्सिसमध्ये हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. तुमच्याही विषयात बघा. 'मराठी शाळांचे पट का घटले' आणि 'पट परत का वाढत नाहीत' हे एकच प्रश्न नाहीत.

गडगा पडतो तेव्हा

एवढं वाचून कुणी म्हणेल, बाई, काही बागा गेल्या तर गेल्या. वाईन जगात भरपूर आहे. त्यात एवढं काय?

२५ ऑक्टोबर २०११ ला या भागात तुफान पाऊस झाला. जवळच्या खोऱ्यातल्या ब्रुन्यातो इथे एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त नोंद झाली, आणि त्यातला बराचसा पाऊस काही तासांतला. ज्यांना २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आठवतात त्यांना कदाचित हा आकडा मोठा वाटणार नाही. पण इथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याचा फार मोठा हिस्सा असा एकदम कोसळला, आणि तोही उभ्या उतारावर. व्हर्नात्सा आणि मोंतेरोस्सो या दोन गावांत ओढे गावाखालून झाकून नेलेले होते आणि त्यांच्यावर रस्ते केलेले. वरून आलेला चिखल, दगड, झाडं, गाड्या या सगळ्याने ओढ्यांची तोंडं बुजली आणि लोंढा रस्त्यावरून समुद्राकडे निघाला. व्हर्नात्साच्या मुख्य रस्त्यावरची दुकानं गाडली गेली. व्हर्नात्सात तिघांचा आणि मोंतेरोस्सोत एकाचा जीव गेला. आसपासच्या खोऱ्यातही माणसं दगावली.

तो चिखल आला कुठून? उतारांवरून. गडगा ही भिंत आहे तसंच ते पाणी निचरायचं साधनही आहे. दगडांच्या फटींतून पाणी बाहेर पडतं, म्हणून मागच्या मातीचा दाब वाढत नाही. पण त्याला माणूस लागतो. एखाद्या ठिकाणी गडग्याला पोट आलं, दोन दगड निसटले, की त्याच हिवाळ्यात ते बसवायचे. नाही बसवले तर पुढच्या पावसात दोनाचे वीस होतात. बाग सोडली की काटेरी झुडपं मुळं घालतात, रानडुकरं दगड उकरतात, निचऱ्याचे चर बुजतात. मग मोठ्या पावसात माती पाणी पिऊन जड होते आणि भिंतीसकट खाली येते. खालच्या भिंतीवर तिचा भार पडतो, ती पण जाते.

पुरानंतर जेनोवाच्या भूशास्त्रज्ञांनी व्हर्नात्साच्या छोट्याशा खोऱ्यातल्या शेकडो दरडी नकाशावर मांडल्या आणि प्रत्येक जागी जमिनीचा वापर काय होता ते तपासलं. इथे माझ्यासारखीला काय अपेक्षित असेल? कसलेली जमीन टिकली, सोडलेली पडली. पण त्यांनी 'सोडलेली' हा एकच गट ठेवला नाही. थोड्या वर्षांपूर्वी सोडलेली आणि फार पूर्वी सोडलेली असे भाग केले. दरड कोसळण्याची शक्यता सगळ्यात जास्त निघाली ती थोड्याच काळापूर्वी सोडलेल्या टप्प्यांवर. कसलेल्या टप्प्यांवरही दरडी पडल्या, पण सोडलेल्या उतारांवरच्या दरडींपेक्षा त्या लहान होत्या.

अलीकडे सोडलेली जमीन का घसरते ते समजायला कठीण नाही. राखणारा माणूस गेलेला असतो आणि माती धरून ठेवेल असं जंगल अजून उभं राहिलेलं नसतं. ती मधली वर्षं धोक्याची.

संशोधक म्हणून मला या अभ्यासातून दोन गोष्टी मिळाल्या. एक, गट पाडताना काळ हा चल विसरू नये. 'सोडलेली जमीन' असा एकच रकाना केला असता तर हा निष्कर्ष दिसलाच नसता. दोन, जेवढं सिद्ध झालंय तेवढंच बोलावं. "गडगे शाबूत असते तर माणसं वाचली असती" असं मी लिहू शकत नाही. इतक्या पावसात कसलेले टप्पेही घसरले. झाकलेल्या ओढ्यांचा वाटा वेगळाच. मी एवढंच म्हणू शकते की नुकत्याच सोडलेल्या टप्प्यांनी धोका वाढवला. जिथे माणसं गेली आहेत तिथे तर आपलं वाक्य दुप्पट तपासून लिहायला हवं. भावनेच्या भरात कार्यकारणभाव जोडून टाकणं फार सोपं असतं.

चौथा गोल: जीवन

हा गोल मी लायब्ररीत बसून सोडवू शकले नाही. त्यासाठी तिथे दोनदा राहावं लागलं, एकदा जूनमध्ये आणि एकदा जानेवारीत.

जूनमध्ये सकाळी नऊनंतर रेल्वे स्टेशनवर उतरायलाच वेळ लागायचा. गावातल्या बायका भाजी-ब्रेड सकाळी लवकर आटपून घेतात आणि दुपारी बाहेर पडत नाहीत. कोर्निल्या तेवढं जरा निवांत, कारण ते समुद्रापासून साधारण शंभर मीटर उंच कड्यावर आहे आणि स्टेशनपासून साडेतीनशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. जानेवारीत सगळं उलट. बरीचशी हॉटेलं बंद, गल्लीत मांजरं, आणि संध्याकाळी दिवे लागलेल्या खिडक्या बोटांवर मोजता येतील अशा. मी खरंच मोजल्या. ही माझी पहिली खरी फील्ड-नोंद.

त्या जानेवारीत मानारोलाच्या वर एक आजोबा दोन मजुरांना घेऊन गडगा दुरुस्त करताना दिसले. मी नमस्कार करून बोलायला लागले. मनात अजून जुनी परिकल्पना होतीच, त्यामुळे प्रश्नही तसाच विचारला: पर्यटकांमुळे शेतीचं नुकसान झालं का? ते हसले. म्हणाले, "खाली माझ्या दोन खोल्या आहेत. उन्हाळ्यात भाड्याने देतो. ह्या दोघांची मजुरी त्यातून निघते. नुसती द्राक्षं विकून ही भिंत उभी राहिली नसती."

मी वहीत ते लिहिलं आणि बराच वेळ पुढचा प्रश्नच सुचला नाही.

एका माणसाच्या बोलण्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. खोली भाड्याने देऊन बाग कायमची बंद केलेली घरंही आहेत. पण त्या एका उत्तराने हे दाखवलं की पर्यटन आणि गडगा यांचं नातं दोन्ही दिशांनी असू शकतं. काही घरांत पाहुण्यांचा पैसा गडग्यात जातो, काही घरांत जात नाही. का? इथे मला माझा प्रश्न सापडला.

मग प्रश्न कसा झाला

आताचं शीर्षक लांबलचक आहे, पण साध्या भाषेत प्रश्न असा: *मानारोला आणि व्हर्नात्साच्या वरच्या टप्प्यांपैकी कुठल्या टप्प्यांचे गडगे आजही दुरुस्त होतात, त्यासाठी पैसा आणि हात कुठून येतात, आणि ज्या घरांना पर्यटनातून कमाई आहे त्यांपैकी काहीच घरं तो पैसा जमिनीत का घालतात?*

बघा, यात पर्यटन आहे, स्थानिक आहेत, जीवन आहे, परिणामही आहे. पण एकही शब्द हवेत नाही. गडगा दुरुस्त आहे की पडलाय हे डोळ्यांनी दिसतं, जुन्या आणि नव्या हवाई छायाचित्रांतून ताडून बघता येतं. मालकी कागदावर सापडते. पैसा कुठून आला ते मुलाखतीत विचारता येतं. आणि माझा अंदाज चूक निघायची पूर्ण शक्यता आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच माहीत आहे त्याला तीन वर्षं कशाला घालवायची?

शिवाय तुलनेला जागा आहे. मानारोलात उद्यानाने युरोपीय निधीतून गडगे नव्याने रचण्याचा आणि रचणारे कारागीर तयार करण्याचा प्रकल्प केला. २०१८ मध्ये बिनचुन्याची दगडी भिंत रचण्याची कला युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत गेली, इटलीसह आठ देशांच्या नावाने. म्हणजे 'गडगा कोण बांधणार' हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. दुसरीकडे, रियोमाज्जोरे आणि मानारोला यांना जोडणारी 'प्रेमाची वाट' नावाची प्रसिद्ध पायवाट २०१२ मध्ये दरड पडून पर्यटक जखमी झाल्यावर बंद झाली आणि पूर्णपणे उघडायला २०२४ उजाडलं. पाहुण्यांची वाट आणि शेतकऱ्याचा गडगा एकाच डोंगराला धरून आहेत. एकाच्या दुरुस्तीसाठी तिकीट लावता येतं, दुसऱ्यासाठी नाही. हा फरक माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात येईल.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमचं शीर्षक कागदावर लिहा आणि पेन्सिल घ्या.

१. ज्या शब्दाचा अर्थ दोन मित्र दोन प्रकारे सांगतील त्याच्याभोवती गोल करा. बहुधा तीन-चार तरी निघतील. घाबरू नका.

२. प्रत्येक गोलापुढे लिहा: हे मी कशात मोजणार? माणसं, भेटी, रात्री, हेक्टर, रुपये? आणि या मोजणीत कोण सुटतं?

३. तुमचं कारण आणि तुमचा परिणाम एका कालरेषेवर मांडा. कारण आधी येतं का? हे अर्ध्या तासाचं काम आहे. मी ते सहा महिने केलं नव्हतं.

४. 'असं का झालं' आणि 'हे बदलत का नाही' हे वेगळे लिहा. एक निवडा.

५. गट पाडले असतील तर प्रत्येक गटाच्या आत काय लपलंय ते बघा, विशेषतः काळ.

६. तुमचं म्हणणं खोटं ठरवेल असा एक पुरावा कोणता, ते लिहा. सुचला नाही तर प्रश्न अजून कच्चा आहे.

७. शक्य असेल तर त्या जागी दोन वेगवेगळ्या हंगामांत जा. निदान एकदा तरी अशा वेळी, जेव्हा बाहेरचं कुणी येत नाही.

हे केलंत की आरआरसीसमोर "व्याप्ती फार मोठी आहे" हे वाक्य ऐकावं लागणार नाही असं मी म्हणत नाही. पण ऐकावं लागलं तर उत्तर हाताशी असेल. माझा तो चार गोलांचा कागद मी जपून ठेवलाय, टेबलाच्या वर भिंतीवर. पुढच्या लेखात मुलाखतीचे प्रश्न कसे काढले आणि त्यातले कुठले फसले ते सांगेन. आजोबांना विचारलेला तो पहिला प्रश्न त्यात अर्थातच आहे.